दारातल्या चपला

प्रिय बेटा,

तुझा मेसेज तीनदा वाचला. उत्तर मोबाईलवर लिहायला बसलो तर अंगठाच आखडला, म्हणून कागद काढला. नातू फोटो काढून तुला पाठवेल. अक्षर वाईट आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीची पत्रं टाइप करत आलो, स्वतःच्या हातानं लिहायची वेळ कमीच आली.

तू विचारलंस की एकदा आमदार झालेला माणूस पुन्हा पुन्हा निवडून कसा येतो. सोबत योगेश उप्पल यांच्या अभ्यासाचा दाखला दिलास. भारतातल्या विधानसभांमध्ये आमदारकी पुढच्या निवडणुकीला उपयोगी पडत नाही, उलट गळ्यातलं लोढणं होते, असं ते म्हणतात. मग डोळ्यांसमोर दिसतं ते काय? आणि जे तू लिहिलं नाहीस पण मला वाचता आलं ते असं, की तुला उभं राहायचंय आणि समोरच्याच्या टर्म मोजून तुझे पाय लटपटतायत.

तुला ठाऊक आहेच, मी सतरा वर्षं एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. मतदारसंघ विदर्भातलाच, नाव लिहीत नाही. त्यांच्या घरचे लोक अजून दिवाळीला फराळ पाठवतात. ते साधे जिल्हा परिषद सदस्य होते तेव्हापासून मी सोबत होतो आणि शेवटच्या दिवसापर्यंत राहिलो. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही तेच म्हणतो.

आमचं ऑफिस तालुक्याच्या बसस्टँडसमोर, औषधाच्या दुकानाला लागून एक खोली. दोन पायऱ्या आणि शटर. सकाळी आठला शटर उचलायचो आणि साडेआठला पायरीवर चपला किती, ते बघायचो. पंधरा-वीस जोड म्हणजे रोजचा दिवस. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत चाळीस. गारपीट झाली की मोजायचं सोडून द्यायचो. भाऊ गावात असोत की मुंबईत, चपला यायच्याच. काम माझ्याकडून होतं, हे लोकांना ठाऊक होतं.

आता काम म्हणजे काय, ते ऐक. निराधारचं मानधन तीन महिन्यांपासून आलं नाही. शेतातल्या पंपाच्या कनेक्शनचे पैसे भरून दोन वर्षं झाली, खांब नाही. पेशंट नागपूरला मेडिकलला नेलाय, तिथं ओळखीचं कुणी नाही. यातल्या प्रत्येकाला मी भाऊंच्या लेटरहेडवर एक पत्र द्यायचो. शिफारसपत्राला कायद्यानं कवडीची किंमत नाही, हे मला, भाऊंना आणि ज्या साहेबाच्या टेबलावर ते जायचं त्यालाही माहीत. दहातली चार कामं व्हायची आणि त्यातलीही दोन आपोआपच व्हायची होती. पण पंधरा दिवसांनी मी प्रत्येकाला फोन करायचो. "काकाजी, काय झालं त्या कामाचं?" एवढंच. वहीत बघून, ओळीनं, दुपारी तीन ते पाच.

दुसऱ्यांदा निवडून आलो त्या संध्याकाळी एक म्हातारा शेतकरी पेढे घेऊन आला. पंपाच्या कनेक्शनवाला. मी ओशाळलो, म्हटलं, "काकाजी, तुमचं काम तर झालंच नाही, पेढे कायचे?" तो म्हणाला, "नाही झालं त नाही झालं. तुमी चार खेपा फोन त केला ना." त्याच्या घरात सात मतं होती.

उप्पल यांच्या आकड्यांत हा म्हातारा कुठं बसतो, ते मला सांगता येणार नाही. पण आमदार टिकतो तो कशावर, याचा माझ्यापुरता अर्धा उलगडा त्या दिवशी झाला.

आणखी एक वही होती, तेरवीची. कोण वारलं, घर कुठं, भाऊ मयतीला गेले की नाही, तेरवी कधी. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी रात्री दहाच्या आत नावं कळवायची असा दंडकच होता. पहिल्या वर्षी मला याची शिसारी यायची. माणूस मेलाय आणि आपण रकाना भरतोय. मग माझे वडील गेले. त्या रात्री वहीत त्यांचं नाव मीच लिहिलं, सवयीनं. दुसऱ्या दिवशी भाऊ आले, सतरंजीवर बसले, माझ्या काकांशी तासभर जुन्या पेरण्यांच्या गोष्टी बोलले. ते वहीतूनच आलेत हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तरी बरं वाटलं. त्यानंतर मी त्या वहीबद्दल कधी वाईट बोललो नाही.

तुझं नागपूर आमदारकीच्या फायद्यात कसं येतं, तेही बघ. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामुळं दर हिवाळ्यात विधिमंडळ इथं भरतं. पेपरात मोर्चे आणि गोंधळ छापून येतो. मला आठवतात त्या सिव्हिल लाइन्सच्या आमदार निवासातल्या गाद्या. एका खोलीत चौदा-चौदा माणसं झोपायची. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, त्यांचे मेहुणे, एखादा नुसताच हौशी. सकाळी तर्री-पोहे, मग मी प्रेक्षक गॅलरीचे पास काढून आणायचो. तासाभरानं त्यांना बाहेर काढलं की दुसरी तुकडी आत. सभागृहात काय चाललंय, त्यातलं फारसं कळायचं नाही, पण "आपला भाऊ" उठून बोलताना दिसला, की गावी जाऊन महिनाभर पुरेल एवढं सांगायला मिळायचं. जाताना सीताबर्डीवर खरेदी आणि संत्रा बर्फीचा डबा. हरलेला उमेदवार कितीही श्रीमंत असो, त्याला यातला पास मिळत नाही. भाऊंनी लावलेल्या लक्षवेधींपैकी निम्म्या कधी चर्चेला आल्याच नाहीत. पण "आमदारांनी लक्ष वेधले" ही बातमी तालुक्याच्या पानावर यायची, आणि ती कापून मी काचेखाली ठेवायचो.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण लोक त्यावरच जास्त बोलतात. आमदार स्थानिक विकास निधी आता वर्षाला ५ कोटी आहे. पाच वर्षांचे २५ कोटी. शहरातल्या मतदारसंघात चार लाख मतदार धरले तर माणशी सव्वासहाशे रुपये. निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा ४० लाखांची, म्हणजे तू कायद्यात राहून सगळे खर्च केलेस तरी माणशी दहा. हा निधी आमदाराच्या खिशात येत नाही. तो कामं सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात, काम महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) नाहीतर बांधकाम विभाग करतं. फलकावर नाव मात्र त्याचं. पण गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवलेल्या गल्लीपेक्षा तिच्या बाजूची गल्ली जास्त कामाची, हे बाहेरच्यांना कळत नाही. झालेलं काम चार महिन्यांत जुनं होतं. "तुमचं पुढच्या फेजमध्ये आहे" हे वाक्य पाच वर्षं ताजं राहतं. माझ्या हिशेबानं आमची जास्त मतं आशेवर बसलेल्या गल्ल्यांतून आली. मला याचा अभिमान नाही.

नागपुरात त्यात आणखी भर पडली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. गडर लाईन तुंबली तर पूर्वी लोक नगरसेवकाच्या घरी जायचे, त्या काळात आमदाराच्या ऑफिसला जाऊ लागले. लोकांना वाटलं आमदाराला ताप झाला. मला वाटलं, अरे, याला तर चपला फुकटच्या मिळाल्या.

आता तुझ्या मुख्य शंकेवर येतो. २०२४ च्या नोव्हेंबरात नागपूर शहराच्या सहा जागांचं काय झालं ते आठव. फडणवीस, मते, खोपडे, ठाकरे, राऊत हे पाच सिटिंग आमदार उभे होते, पाचही आले. त्या महायुतीच्या लाटेत राज्यभरात काँग्रेसचे जेमतेम १६ आमदार निवडून आले, त्यात विकास ठाकरे आणि नितीन राऊत हे दोघं नागपूर शहरातले. म्हणजे लाट उलटी असतानाही आमदारकीनं माणूस तरू शकतो. एवढं बघितलं की कुणीही म्हणेल, सिटिंग आमदार पडतच नाही.

पण सहावा? मध्य नागपूर. विकास कुंभारे तीन वेळा निवडून आलेले, त्यांना तिकीट मिळालं नाही. भाजपनं प्रवीण दटकेंना उभं केलं आणि ते आले. दक्षिण नागपुरात २०१९ ला हेच झालं होतं. सुधाकर कोहळे आमदार असताना तिकीट मोहन मतेंना मिळालं. कामठीत २०१९ ला बावनकुळे मंत्री असताना त्यांना थांबवलं आणि २०२४ ला तेच परत उभे राहिले तेव्हा सिटिंग आमदार सावरकर थांबले. यातला कुणी मतदारानं पाडलेला नाही, त्यामुळं "सिटिंग किती पडले" या हिशेबात यांचं नावच येत नाही. उभे राहिले असते तर काय झालं असतं, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तिकीट वाटणारे सर्व्हे करतात, आणि जिथं वास येतो तिथला माणूस आधीच बदलतात. निकालाच्या दिवशी आपल्याला दिसतात ते चाळणीतून उरलेले. गहू निवडून झाल्यावर परात बघायची आणि म्हणायचं, बाई, यात खडा कसा नाही!

माझे भाऊ असेच गेले. तिसऱ्या टर्ममध्ये त्यांनी बायपासला बंगला बांधला आणि ऑफिस तिथं हलवलं. मोठं फाटक, पहारेकरी, आत संगमरवर. रिक्षाचे वीस रुपये पडायचे. मी सांगितलं होतं, जुनी खोली राहू द्या, भाडं मी भरतो. ते हसले. पहिल्या आठवड्यात पहारेकऱ्यानं एका बाईला "भाऊ नाहीत" म्हणून फाटकावरून परत पाठवलं. तिला भाऊ नकोच होते, ती माझ्याकडे आली होती. संध्याकाळी ते कळलं तेव्हा मी तिच्या घरी गेलो, पण अशा किती जणी परत गेल्या त्याची वही माझ्याकडे नव्हती. दीड वर्षात पायरीवरच्या चपला चारवर आल्या. चूक माझीही. मी तेव्हाच भांडायला पाहिजे होतं, पण मलाही एसीची सवय लागली होती. निवडणुकीआधी पक्षाचा सर्व्हे झाला आणि तिकीट कापलं. नवा उमेदवार त्याच चिन्हावर आरामात आला. आजही रेकॉर्ड काढून बघशील तर आमचे भाऊ तीनदा उभे राहिले आणि तिन्ही वेळा जिंकले. कागदावर ते कधी हरलेच नाहीत.

म्हणून उप्पल यांचं आणि तुझ्या डोळ्यांचं भांडण नाही. मला नातवानं समजावलं ते असं. एक माणूस पाचशे मतांनी जिंकला, दुसरा पाचशेनं पडला. दोघांची ताकद जवळपास सारखीच. फरक एवढाच की एकाला खुर्ची मिळाली. पुढच्या वेळी कोण निवडून येतो हे शेकडो मतदारसंघांत तपासलं, तर खुर्चीवाला मागं पडतो. म्हणजे नुसत्या खुर्चीनं काही मिळत नाही, उलट नालीपासून कापसाच्या भावापर्यंत सगळा राग तिच्यावरच निघतो. तरणारे तरतात ते त्या पाच वर्षांत पायरी झिजवून घेतात म्हणून. आणि समोर कुणी तोलामोलाचं उभं राहत नाही म्हणून. हे दुसरं कारण फार मोठं आहे. "तो पडत नाही" अशी हवा झाली, की विरोधी पक्षातला चांगला माणूस म्हणतो, यंदा नको. मग तिकीट खर्च करू शकणाऱ्या कुणालातरी मिळतं, तो पडतो आणि हवा आणखी पक्की होते.

तुझ्या वर्गातल्या मुलानं अमेरिकेचं उदाहरण दिलं म्हणतेस. तिथं प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांना दर दोन वर्षांनी निवडणूक असते आणि पुन्हा उभे राहणाऱ्यांपैकी बहुतेक वेळा नव्वद टक्क्यांहून जास्त परत येतात, हे खरं. पण तिथं वरून कुणी तिकीट कापू शकत नाही, आधी पक्षातल्याच मतदारांपुढे जावं लागतं. शिवाय कितीतरी राज्यांत मतदारसंघाच्या सीमा तिथली विधिमंडळंच आखतात. आपल्याकडे ते काम परिसीमन आयोगाचं. २००८ च्या पुनर्रचनेत किती आमदारांचे हक्काचे मोहल्ले शेजारी गेले, त्याच्या कथा आमदार निवासात रात्र रात्र चालायच्या. तेव्हा तिकडचं गणित इकडे लावू नकोस.

पडतात का? पडतात. विलास मुत्तेमवार १९९८ पासून सलग चार वेळा नागपूरचे खासदार होते आणि २०१४ ला पावणेतीन लाखांहून जास्त मतांनी पडले. त्याच वर्षी उत्तर नागपुरात नितीन राऊत तीन टर्मनंतर थेट तिसऱ्या नंबरवर गेले, कारण बसपाच्या उमेदवारानं त्यांच्यापेक्षा जास्त मतं घेतली. २०१९ ला तेच राऊत परत आले. पश्चिमेत सुधाकर देशमुख दोन टर्मनंतर विकास ठाकरेंकडून हरले, आणि त्याआधी एकदा पूर्वेत सतीश चतुर्वेदींसारखा जुना गडी २००९ ला कृष्णा खोपडेंनी पाडला होता. आणखी एक बघून ठेव. २०२४ ला काटोलात अनिल देशमुखांच्या जागी मुलगा उभा होता, सावनेरमध्ये सुनील केदारांची आमदारकी गेल्यावर पत्नी. दोन्ही घरं जुनी, दोघंही पडले. पायरीवरच्या चपला नावावर करून देता येत नाहीत.

आता तुझं. पोस्टर, रील, समोरच्या आमदारावर टीका, हे सगळं बाजूला ठेव. लोक त्याला शिव्या देतात म्हणजे तुला मत देतील असं समजू नकोस. शिव्या देणारा माणूस बहुतेक वेळा त्याच्याच पायरीवर जाऊन आलेला असतो.

आधी मागच्या दोन निवडणुकांचा फॉर्म २० काढ. बूथनिहाय कुणाला किती मतं पडली त्याचा तक्ता असतो, निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर मिळतो. एक खोच आहे. बूथचे नंबर दर वेळी सरकतात, त्यामुळं नंबरावर जुळवू नकोस, शाळेच्या नावावर आणि खोलीवर जुळव. त्याची मतं जिथं उतरलीत तिथं खूण कर, आणि मग त्या बूथवर पायी जा. तिथं काहीतरी झालेलं असतं. रस्ता वर्षभर उकरून ठेवलेला, नाहीतर त्याचा तिथला जुना कार्यकर्ता रुसून बसलेला. घरी बसून आकड्यांत ते दिसत नाही.

त्यातले दोनच बूथ निवड. फार तर अडीच हजार मतदार. नागपूर शहरात मतदान निम्म्याच्या थोडं वर होतं, म्हणजे हजारभर लोक येतच नाहीत. यादी घेऊन दारोदार जा. कोण वारलं, कोण बेसा-पिपळ्याकडे राहायला गेलं, कुणाची मुलगी अठराची झाली. नाव घालायचा, वगळायचा, दुरुस्तीचा असे फॉर्म ६, ७, ८ भरून दे. तुमच्या भागात गुंठेवारीतले लेआउट आहेत, डिमांड नोट (प्लॉट नियमित करायच्या पैशांची मागणी) आणि आरएल (रिलीज लेटर, प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) अडकलेली घरं दर दहा पावलांवर सापडतील. सेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. अर्ज कसा करायचा, पोच कशी घ्यायची, मुदत संपली की अपील कुठं, एवढं तू एका आठवड्यात शिकशील. याला आमदारकी लागत नाही. पंधरा दिवसांनी करायच्या फोनलाही लागत नाही. वही मात्र हातानं लिही, मोबाईलमध्ये नको. माणसासमोर वही उघडली की त्याला वाटतं आपलं नाव कुठंतरी लागलं.

पक्षाचं तिकीट मिळेल का, हा विचार तीन वर्षांनी कर. मिळालं नाही आणि अपक्ष उभी राहिलीस तर डिपॉझिट १० हजार. एक षष्ठांश मतं नाही पडली तर जप्त होतं. जप्त झालं तर होऊ दे, पण अर्ज मागं घ्यायला कुणी पाकीट घेऊन आलं तर दारातूनच परत पाठव. एकदा अर्ज मागं घेतलेल्या माणसाची किंमत आमच्या ऑफिसात काय ठरायची, ते मी ऐकलंय.

रविवारी ये. फॉर्म २० च्या प्रिंट आण, माझ्याकडे रंगीत पेन्सिली आहेत. काकू पाटोड्या करणार आहे.

आणि हो, तुमच्या लेआउटच्या कोपऱ्यावर राहणारे, रेल्वेतून रिटायर झालेले गृहस्थ सोमवारी गेले, मला घाटावर कळलं. तू दिसली नाहीस. तेरवी पुढच्या शनिवारी आहे.

तुझा,
काका
मानेवाडा, नागपूर